सळई लाव!

सूर्याजी खराडे डाव्या हाताला प्लास्टर घालून इस्पितळातून घरी आले, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून कुणीतरी जिन्याच्या खालच्या पायरीवर दुधाचा लोटा ठेवून पसार होऊ लागलं. पितळी लोटा, वर झाकलेलं पळसाचं पान, आणि पान उडू नये म्हणून त्यावर एक खडा. ना हाक, ना कडी वाजवणं.

“अहो, हे कोण करून राहिलंय?” मंदाताईंनी लोटा नवऱ्याच्या नाकासमोर धरला.

“मला काय माहीत? मी तर खाटेवर पडून आहे.”

“म्हशीचं आहे. साय बघा केवढी.”

“मग दे पेलाभर.”

“देते! आणि कुणी चुकून ठेवलं असलं तर? उद्या अख्ख्या खासगी बाजार मोहल्ल्यात बोभाटा होईल, खराड्यांची बाई लोकांच्या दुधावर डल्ला मारते म्हणून.”

असं म्हणत त्यांनी दूध तापवलं, आणि पेला भरून दिलाही. हाडं जुळायची होती. पण कुणाचे उपकार आहेत हे कळल्याशिवाय मंदाताईंच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी एका सकाळी त्या जिन्याच्या वळणावर खराटा घेऊन दबा धरून बसल्या. खाली पान सळसळलं, तशा एकदम उभ्या राहिल्या.

“कौन है रे?”

खालचा माणूस इतका दचकला, की खडा त्याच्याच पायावर पडला. पिकत आलेल्या मिशा, डोक्याला गमछा, सायकल भिंतीला टेकवलेली. सूर्याजींच्या गॅरेजमधला जगराम.

“मैं हूँ, भौजी...”

“जगरामभैया! अहो, मग वर या ना. चोर जैसे क्यों आते हो?”

“ऊपर आने का मुँह नहीं है, भौजी. दद्दा का हाथ मैंने तोड़ा है.”

वरून, खाटेवरून, सूर्याजींचा आवाज गडगडला. “कोण, जगराम? त्याला म्हणावं, वर ये! हात जाऊ दे, मान वाचवलीस म्हणावं!”

पण तोवर जगराम सायकलवर टांग टाकून गल्लीच्या तोंडाशी पोचला होता.

हाताचं आणि मानेचं प्रकरण कळायचं, तर सूर्याजींचं काम कळायला हवं. आणि ते काम त्यांच्याकडे आलं होतं ते राज्यं बदलली म्हणून.

सूर्याजींचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर ग्वाल्हेरीला आले ते तिथेच राहिले. बाप फौजेत, आजा फौजेत, पणजा फौजेत, सूर्याजीही फौजेत. मग संस्थान मध्यभारतात विलीन झालं, संस्थानची फौज भारताच्या सैन्यात गेली. काहींना घेतलं, काहींना घरी पाठवलं. सूर्याजींचा एक गुडघा वाकताना अडायचा. डॉक्टरांनी तो दोनदा वाकवून पाहिला आणि तिथेच चार पिढ्यांची शिपाईगिरी संपली. महिनाभर ते बाड्यावर, शहराच्या मोठ्या चौकात, नुसते फिरून यायचे. कुणी विचारलं, “कसं काय, सूर्याजी?” तर म्हणायचे, “फुरसत आहे.” हा शब्द ते असा उच्चारायचे, की विचारणारा पुढे काही बोलायचा नाही.

मग सरकारी मोटारगॅरेजात जागा निघाली. नव्या राज्याचा कारभारच गमतीचा होता: हिवाळ्यात सरकार ग्वाल्हेरीत, उन्हाळ्यात इंदुरात. साहेब गेले की गाड्या जायच्या, साहेब आले की यायच्या. गाड्यांसाठी ओळीनं गाळे बांधले आणि प्रत्येक गाळ्याला लोखंडी पट्ट्यांचं, वर गुंडाळलं जाणारं शटर बसवलं. ती बसवायला कानपूरहून मिस्त्री आला होता. सूर्याजींना त्याच्या हाताखाली दिलं.

त्या मिस्त्रीनं शिकवलेली पहिली गोष्ट सूर्याजी आयुष्यभर सांगत राहिले. शटर वर गुंडाळलं जातं त्या नळकांड्याच्या पोटात जाडजूड स्प्रिंग असते. शटर खाली ओढलं की ती आवळली जाते. वर करताना तीच जोर लावते, म्हणून एवढं लोखंड एका माणसाला उचलतं. मिस्त्री म्हणाला होता, शटर खाली असताना स्प्रिंगमध्ये जोर जास्त, वर असताना कमी. पण जोर नाही असं कधीच नाही. त्यामुळे स्प्रिंग काढायची तर आधी जोर उतरवायचा. थोडा थोडा. दोन सळया घेऊन.

ते असं. स्प्रिंग ज्या पाइपावर बसलेली असते, त्याच्या टोकाला चहूबाजूंनी भोकं असतात. एका भोकात सळई घालून पाइप धरून ठेवायचा, त्याला अडवणारी खुंटी काढायची, पाइप जरासा फिरू द्यायचा. मग पुढच्या भोकात दुसरी सळई घालायची आणि ती घट्ट बसली, तिनं जोर घेतला, की पहिली काढायची. पुन्हा तेच. एक सळई कायम आत. दोन्ही बाहेर आल्या की स्प्रिंग सगळा जोर एका झटक्यात टाकते. मध्ये हात असो, डोकं असो, तिला फरक पडत नाही.

सूर्याजींना हे काम फार आवडलं. यात शिस्त होती, आणि चुकलं तर काय होतं हे स्पष्ट होतं, फौजेतल्यासारखंच. ते कधी शटरच्या समोर तोंड करून उभे राहायचे नाहीत, बाजूला राहायचे. खाली कुणाला फिरकू द्यायचे नाहीत. शटर वर जाताना कान देऊन ऐकायचे: करकरलं तर ग्रीस, खडखडलं तर पट्टी, आणि एका बाजूनं तिरकं चढलं तर स्प्रिंग थकली. पोरं हसायची, “खराडेकाका शटरची नाडी बघून राहिलेत!” सूर्याजी म्हणायचे, “बघतो. वैद्याची नाडी चुकली तर रोगी जातो. माझी चुकली तर वैद्य.”

दुसऱ्या सळईवर कान्होजी म्हणून त्यांचा फौजेतलाच सोबती होता. दोघांची सळयांवरची भाषा चार शब्दांची. “लाव.” “लावली.” “काढ.” “काढली.” मग कान्होजी मुलाकडे इंदूरला राहायला गेले, आणि त्यांच्या जागी मुरैन्याकडचा जगराम आला. शेतकरी माणूस, भाऊबंदकीत शेत गेलं म्हणून नोकरीला लागलेला. हात असे, की चाकाचे नट पान्याशिवाय सैल करायचा. बोलायचा मात्र कमी. सूर्याजी त्याच्याशी हिंदीत बोलत; तो त्यांना दद्दा, म्हणजे थोरला भाऊ, म्हणे. आधी त्याला ग्रीसवर ठेवलं, मग पट्ट्यांवर, आणि श्रावणात पाच नंबरच्या शटरची स्प्रिंग बदलायची वेळ आली तेव्हा पहिल्यांदाच सळईवर घेतलं.

पाच नंबर म्हणजे सगळ्यांत मोठा गाळा, ट्रकचा; त्याच्या शटरला दोन टोकांच्या पाइपांवर दोन स्प्रिंगा. दोघं शेजारशेजारच्या लाकडी घोड्यांवर उभे राहिले. सूर्याजींची सळई आत, खुंटी निघालेली, सगळा जोर त्यांच्या दोन हातांवर. जगरामनं दुसरी सळई पुढच्या भोकात टेकवली, अर्धी आत. ती पुरती आत जायला हवी होती. सूर्याजींच्या मनगटाला घाम फुटला, सळई सरकू लागली, आणि मघापासून चाललेली हिंदी तोंडातून उडून गेली.

“लाव! सळई लाव! लाव लवकर!”

आणि कान्होजींच्या वेळची वर्षानुवर्षांची सवय. “लाव” म्हटल्यावर ती लागलीच असणार, असं धरून त्यांनी स्वतःची सळई मागे घेतली.

जगरामनं आपली सळई भोकातून बाहेर काढली आणि त्यांच्यापुढे केली. “लो, दद्दा.”

पुढचं सूर्याजींना तुकड्यातुकड्यांनीच आठवायचं. पाइप गरगरला. त्यांची अर्धवट निघालेली सळई फिरून आली आणि डाव्या पंजावर बसली. दुसऱ्या फेऱ्यात ती चेहऱ्यावर बसली असती. पण तोवर जगरामनं हातातली सळई टाकून त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला हात घातला होता. दोघं घोड्यांवरून मागच्या टायरांच्या ढिगात कोसळले. सळई समोरच्या भिंतीवर गेली आणि विटेत रुतून बसली.

पंजाची दोन हाडं गेली. बाकी सगळं जागेवर राहिलं. इस्पितळात सूर्याजी शुद्धीवर होते, आणि पहिला विचार त्यांच्या मनात आला तो असा: हा माणूस घाबरला, पण पळाला नाही.

दिनकरराव सुभेदार भेटायला आले तेव्हा पंधरवडा उलटला होता. हे गॅरेजचे साहेब. घराणं दरबारातल्या दप्तराचं, स्वभाव मऊ. खुर्चीच्या टोकावर बसले आणि मंदाताईंनी दिलेल्या पोह्यांत चमचा नुसता फिरवत राहिले.

“सूर्याजी, बातमी तुमच्या कानावर आलीच असेल. नवं राज्य होतंय. राजधानी भोपाळ.”

“म्हणजे आता उन्हाळ्यात इंदूर नाही?”

“ना इंदूर, ना ग्वाल्हेर. दिवाळीच्या आधी गाड्या निघतील. मीही निघालो. आमची ही तर रडून राहिली आहे.” दिनकररावांनी चमचा ठेवला. “इथं छोटं गॅरेज राहील. आता प्रश्न शटरांचा. वरचे म्हणतात, बाहेरच्या कंपनीकडे देखभाल देऊन टाका, अपघात झाला आहे. मी म्हटलं, आमची माणसं करतात. ते म्हणाले, पाच नंबर दुरुस्त करून दाखवा, गाड्या निघायच्या आत.”

“नाही झालं तर?”

“तर तुम्हाला भोपाळ. तिथल्या फाटकावर उभं राहायचं काम. जगरामला बहुतेक घरी.” त्यांनी प्लास्टरकडे पाहिलं. “मी घाई करत नाही हो. पण एवढीच मुदत मला मिळाली.”

ते गेल्यावर मंदाताईंनी न खाल्लेले पोहे उचलले. मग म्हणाल्या, “फाटकावर उभं राहून तुम्ही चार महिन्यांत म्हातारे व्हाल.”

“हात तर बरा होईल.”

“होईल. पण जोर? त्या मेल्या सळईवर दोन हात लागतात म्हणता ना?”

“चार लागतात. माझा दीड आहे. बाकीचे जगरामचे.”

“आणि तो तर वर यायला तयार नाही.”

इथे सगळं अडलं होतं. गॅरेजातून निरोप येत होते: जगराम फाटकावर बसतो, फरशी पुसतो, पण सळई दिसली की तोंड फिरवतो. म्हणतो, “मोसे न होगा.” सूर्याजींनी हिशेब मांडून पाहिला. दुसरा माणूस घ्यावा? पण ज्यानं पडता पडता पट्ट्याला हात घातला, त्याच्याइतका भरवसा दुसऱ्या कुणावर बसणार? ते खाटेवर उठून बसले.

“मंदा, लोटे परत दिलेस का?”

“रोज घासून पायरीवर ठेवते. तो नेतो.”

“आता नको ठेवूस.”

“का?”

“ठेवू नकोस म्हणतो ना. एखाद्याच्या घरात लोटे असून असून किती असतील?”

मंदाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं, आणि कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणीतरी हसलं.

लोटे साठू लागले. पितळी संपले, मग काशाचा आला, मग झाकण नसलेली किटली, मग चक्क मातीचा कुल्हड. आणि एका रविवारी सकाळी जिन्यावर जड पावलं वाजली. जगराम दारात उभा, गमछा हातात पिळत.

“भौजी, घर में लोटा नहीं बचा. घरवाली कहती है, लोटे लेकर ही आना, नहीं तो तू भी वहीं रह जाना.”

“तर राहा! आधी बसा.” मंदाताईंनी पाट सरकवला. “चहा घ्या. लोटे पळून नाही जात.”

तो बसला, पण नजर प्लास्टरवरून हलेना. सूर्याजींनी विचारलं, पोलिसासारखं नव्हे, मित्रासारखं, “जगराम, एक बता. सळई निकाली क्यों? डर गया था?”

जगरामनं मान वर केली. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात राग होता. “डरा? दद्दा, मैं नहीं डरा. आपने कहा, लाव. मैं ले आया!”

“अरे, मी म्हटलं लाव! लाव म्हणजे—”

“हाँ तो. लाव. पानी लाव, चाय लाव, सळई लाव. मैं ले आया.”

मंदाताईंना आधी कळलं, आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

“अगं बाई! अहो, तुम्ही म्हणालात, आत घाल. त्यानं ऐकलं, घेऊन ये!”

“म्हणजे...” सूर्याजी जगरामकडे वळले. “भैया, मराठी में ‘लाव’ मतलब लगा. जोड़ दे. अंदर डाल!”

“और हमारे यहाँ लाव मतलब ले आ.”

“तो तूने...”

“जो बोला, वही किया, दद्दा.”

इतके दिवस एक जण मनात म्हणत होता, तो घाबरला. दुसरा म्हणत होता, माझ्या हातून घडलं. आणि दोघांनीही ऐकल्याबरहुकूम काम केलं होतं. सूर्याजी हसू लागले. हसताना हात दुखत होता म्हणून “आई गं” म्हणत हसले. जगराम हसला नाही. त्यानं गमछा डोळ्यांना लावला. मंदाताईंनी चहा पुन्हा गरम करायला घेतला. खरं तर तो गारही झाला नव्हता.

“गलती मेरी भी है,” सूर्याजी म्हणाले. “मी कानांवर विसंबलो. तुझी सळई बसली की नाही, डोळ्यांनी बघायला हवं होतं, मग माझी काढायची.”

“तो अब?”

“आता दुसरा शब्द शोधायचा. ‘लाव’ बंद. ‘धर’ म्हणू. धर!”

जगरामच्या हातात चहाचा कप होता. तो त्यानं ताबडतोब खाली ठेवला.

“का रे?”

“आपने कहा, धर. धर दिया.”

मंदाताई खो खो हसत खांबाला टेकल्या. “अहो, यांच्यात धर म्हणजे खाली ठेव! तुम्ही सळई धर म्हणाल, हा खाली ठेवील!”

“बरं, थांब म्हणू.”

“थाम? थाम लूँ?” जगरामनं हात पुढे केला, पकडायला.

“थाम नव्हे, थांब! रुक!”

“तो रुक बोलो ना, दद्दा.”

“घाईत तोंडात येत नाही रे! तीच तर मेख आहे. ‘काढ’ चालेल?”

“काढ़ना तो कढ़ाई का होता है. औरतें रूमाल पर फूल काढ़ती हैं.”

“ओढ?”

“चादर?”

सूर्याजी हताश होऊन भिंतीला टेकले. “चार पिढ्या या गावात राहिलो, आणि एक शब्द धड मिळेना.”

शब्द शेवटी जगरामनंच दिला, आणि तो नांगराचा होता. तो म्हणाला, त्याच्या बापाच्या बैलजोडीत एक पांढरा होता आणि एक काळा. धौरा आणि कजरा. बाप बैलांना कधी नुसतं ‘चल’ म्हणायचा नाही. ज्याला सांगायचं, त्याचं नाव आधी घ्यायचा. नाव घेतलं की दुसरा बैल कान हलवायचा नाही. “दद्दा, दोनों सलाखें एक-सी हैं, यही तो गड़बड़ है. एक को चूना पोत दो. नाम लेकर बुलाओ. धौरा भीतर. कजरा बाहर.”

“भीतर, बाहेर,” सूर्याजींनी पुटपुटून पाहिलं. “हे तर मला झोपेतही कळेल.”

“आणि नुसतं सांगायचं नाही,” मंदाताई म्हणाल्या. “ऐकणाऱ्यानं तेच परत म्हणायचं. नाटकात कसं, समोरच्याचं वाक्य पुरं झाल्याखेरीज आपलं घ्यायचं नाही.”

“चला, तालीम करू.”

“तालीम? पढ़ाई?” जगराम घाबरला. “दद्दा, मैं अनपढ़ आदमी...”

“अरे, तालीम म्हणजे... जाऊ दे. तू उभा राहा.”

त्या रविवारपासून खराड्यांच्या घरी रोज संध्याकाळी तालीम होऊ लागली. दोन दांड्यांपैकी एक लाटणं, पिठानं पांढरं केलेलं. दुसरा खलबत्त्यातला बत्ता. पाइप म्हणून खाटेचा पाय. मंदाताई स्प्रिंग झाल्या. त्या पदराला पीळ घालून खाटेशी बसायच्या आणि दोन्ही दांडे बाहेर आले रे आले, की “धाड!” म्हणून ओरडायच्या. पहिल्या संध्याकाळी त्यांना बरंच ओरडावं लागलं. शेजारच्या कुसुमताई विचारायला आल्या, घरात काय पाडापाडी चालली आहे.

“धौरा भीतर?”

“धौरा भीतर.”

“बघितलंस?”

“देखा.”

“कजरा बाहर?”

“कजरा बाहर.”

हळूहळू “धाड” कमी झालं. मग बंदच झालं. पण लाटणं हातात घेणं वेगळं आणि सळई वेगळी, हे तिघांनाही ठाऊक होतं. प्लास्टर निघालं तेव्हा सूर्याजींची डावी मूठ वळत होती, आवळत नव्हती. खंडेनवमीला बाप-आज्याची तलवार पुजायची त्यांच्या घरची रीत. त्या वर्षी तलवारीशेजारी दोन सळया ठेवल्या, एक चुन्यानं पांढरी, एक ग्रीसनं काळी. मंदाताईंनी दोन्हींना कुंकू लावलं. जगराम दारातून बघत होता. त्यानं आत येऊन सळईला हात लावून तो कपाळाला लावला. अपघातानंतर त्या दिवसापर्यंत त्यानं सळईला हात लावला नव्हता.

दसऱ्यानंतर पाच नंबरचं काम काढलं. दिनकररावांनी अंगण मोकळं करवलं. गाळ्यासमोर कुणी उभं राहायचं नाही असं सूर्याजींनी सांगितलं, तेव्हा ते स्वतःही आपल्या खुर्चीसकट बाजूला सरकले. भोपाळला जायचे ट्रक रांगेत उभे होते. एक तेवढा पाच नंबरमध्ये अडकलेला. अपघाताच्या दिवसापासून शटर एक हात उघडून राहिलं होतं आणि एक स्प्रिंग तेव्हाच तुटून सुटली असली तरी दुसऱ्या टोकाची अजून आवळलेली होती.

घोड्यावर चढल्यावर जगरामनं गमछा सोडून पुन्हा आवळला, ते सूर्याजींनी पाहिलं.

“भैया, नको वाटलं तर आताच सांग. उतरू.”

“आप उतरोगे, दद्दा?”

“नाही.”

“तो मैं कैसे उतरूँ.”

सूर्याजींनी पांढरी सळई भोकात घातली, हातानं हलवून पाहिली. दोघंही पाइपाच्या बाजूला, सळईच्या वाटेत कुणाचंच डोकं नाही. खुंटी निघाली. जोर आला तो सूर्याजींच्या उजव्या हातावर आणि जगरामच्या डाव्या हातावर.

“कजरा भीतर?”

जगरामनं काळी सळई टेकवली, दाबली, तळहातानं ठोकली. “कजरा भीतर.”

सूर्याजींनी मान वाकवून पाहिलं. पुरती आत. डाव्या पंजात कळ आली आणि घशापर्यंत एक शब्द आला, जुना, कान्होजींच्या वेळचा. त्यांनी तो गिळला.

“धौरा बाहर?”

जगरामनं सगळा भार काळीवर घेतला. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. “धौरा बाहर, दद्दा. निकालो.”

पांढरी निघाली. पाइप जागचा हलला नाही.

मग ते चालू राहिलं, एक आत, एक बाहेर, दोन आवाज एकमेकांमागून. बाजूला उभे असलेले ड्रायव्हर नकळत ओठ हलवू लागले. पाइपातला जोर कमी कमी होत गेला. शेवटी सूर्याजींनी सळईवर एक बोट ठेवलं आणि ती बोटानं फिरली. स्प्रिंग रिकामी झाली होती. जगरामनं घोड्यावरच बसकण मारली.

पुढचं काम अवजड होतं पण भीतीचं नव्हतं. तुटलेली स्प्रिंग बदलली; तिच्याबरोबरची शाबूत होती तरी तीही बदलली, कारण जुनी-नवी जोडी शटर तिरकं चढवते. ग्रीस घातलं. आणि मग उलट्या क्रमानं जोर भरला, धौरा, कजरा, धौरा, कजरा. खुंटी बसली. सूर्याजी खाली उतरले, शटर छातीइतकं ओढलं आणि हात काढून घेतला.

शटर तिथेच राहिलं. वर गेलं नाही, खाली आलं नाही. हीच खरी परीक्षा. जोर जास्त असता तर ते वर उडालं असतं, कमी असता तर कोसळलं असतं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ड्रायव्हर ट्रक बाहेर काढायला धावले. दिनकररावांनी मात्र सूर्याजींचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला आणि तसाच धरून उभे राहिले. “झालं,” म्हणाले, “आता मी भोपाळला सुखानं जातो. तुम्ही दोघं इथंच. वर मी कळवतो.”

सूर्याजींना काहीतरी बोलायचं होतं, दिनकररावांशी नव्हे. इतक्या दिवसांत त्यांनी जगरामला पुष्कळ शब्द शिकवले होते, त्याच्याकडून पुष्कळ शिकले होते, आणि आता हवा तो एकही हाताशी नव्हता. नळाशी जगराम हात धूत होता. सूर्याजी शेजारी जाऊन उभे राहिले.

“जगराम, ही मान तुझी आहे. हातही तुझाच. मंदा रोज देवापुढे तुझं नाव घेते. मी देवापुढे फारसा जात नाही, म्हणून तुलाच सांगतो.”

जगरामला सगळं मराठी कळलं असेल की नाही कोण जाणे. त्यानं नळ बंद केला. “दद्दा,” म्हणाला, “खेत गया, तब सोचा था अब काहे का जीना. यहाँ आपने दद्दा बनकर रख लिया. किसका एहसान किस पर है, छोड़ो.” गमछ्यानं हात पुसले, ओळीतल्या गाळ्यांकडे नजर टाकली. “वो छह नंबर भी टेढ़ा चढ़ता है. कई दिन से देख रहा हूँ.”

“आज?”

“आज ही. उजाला है अभी.”

आणि सूर्याजी हो-नाही म्हणायच्या आत तो लाकडी घोडा खांद्यावर टाकून सहा नंबरकडे निघालाही होता.